सोसायटीतलं झाड आणि करवत: फांदी नेमकी कुठून कापायची?

मे महिना लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात करवतींचा आवाज सुरू होतो. पावसाळ्यात फांदी पडून कुणाच्या जिवावर बेतू नये, ही काळजी रास्तच आहे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा शहरात शेकडो झाडं पडली. महापालिकेच्या वृक्षगणनेनुसार मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत आहेत. म्हणजे गुलमोहर ठेवायचा की बोडका करायचा, हे बऱ्याचदा सोसायटीची कमिटी ठरवते. म्हणून कमिटीतल्या निदान एका माणसाला तरी झाड जखम कशी सोसतं हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपलं बोट कापलं तर खराब झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाला हे जमत नाही. एकदा कुजलेलं लाकूड पुन्हा धडधाकट होत नाही. झाड ती जागा कोंडून टाकतं. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठवर जाते ते पाहिलं आणि 1970 च्या दशकात ही प्रक्रिया मांडली. जखम झाली की झाड आसपासच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बुजवतं, पेशींमध्ये बुरशीला रोखणारी रसायनं साठवतं आणि जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या आतल्या बाजूला एक पक्का थर उभा करतं. कूज त्या थराच्या आत अडकते, झाड बाहेरून वाढत राहतं. ढोली पडलेला जुना वड किंवा पर्जन्यवृक्ष वर्षानुवर्षं उभा दिसतो तो यामुळेच. नुसती ढोली दिसली म्हणून झाड तोडायचा निर्णय घेऊ नये. बाहेरचं चांगलं लाकूड किती जाड उरलंय, ते जाणकाराकडून तपासून घ्यावं.

हे लक्षात आलं की फांदी कुठून कापायची याचं उत्तर मिळतं. आवारातल्या एखाद्या झाडाजवळ जाऊन फांदी खोडाला मिळते ती जागा जवळून पाहा. वरच्या बेचक्यात साल दुमडून खरबरीत, काळपट वळी झालेली असते. खालच्या बाजूला, फांदीच्या मुळाशी, हलका फुगवटा दिसतो. हा फुगवटा खोडाचा भाग आहे, आणि कूज खोडात शिरू नये यासाठीची झाडाची तयारी इथेच असते. करवत लागायला हवी ती फुगवट्याच्या लगेच बाहेर. ‘साफ दिसावं’ म्हणून खोडाला घासून फांदी कापली, की फुगवटाही जातो आणि जखम खोडालाच होते. उलट हातभर खुंट सोडला तर तो वाळतो, त्यात बुरशी धरते आणि नवी साल त्याच्यावरून बंद होऊ शकत नाही. कंत्राटदाराचं काम कसं होतं ते पुढच्या वर्षी त्याच जागी कळतं: कापल्याच्या कडेने नव्या सालीची सगळीकडून सारखी गोल कडी आली असेल तर हात जाणता होता. कडी फक्त दोन बाजूंना आली आणि वर-खाली लाकूड उघडंच राहिलं, तर फांदी खोडाला घासून कापलेली असते.

जड फांदी एका दमात कापू नये. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडी खाच, मग तिच्या किंचित पुढे वरून काप. फांदी सुटते, पण खोडाची साल सोलली जात नाही. उरलेला खुंट शेवटी फुगवट्याबाहेर कापायचा. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत धरून राहू शकते. जखम उघडीच ठेवावी.

मुंबईत सर्रास दिसणारी दोन कामं मात्र झाडाचा घात करतात. पहिलं म्हणजे शेंडा उडवणं. पानं गेली की झाडाचं अन्न तयार होणं थांबतं. मग ते साठवलेल्या स्टार्चवर घाईघाईने कोंब फोडतं. हे कोंब सालीच्या लगतच्या थरातून येतात, त्यांची पकड वरवरची असते. काही वर्षांत ते जाड होतात आणि वादळात आधी तेच निखळतात. म्हणजे धोका टळावा म्हणून केलेली छाटणीच पुढचा धोका तयार करते. दुसरं काम म्हणजे फांदीच्या आतल्या सगळ्या डहाळ्या काढून टोकाला तेवढा पानांचा झुपका ठेवणं. असं केलं की वाऱ्याचा सगळा जोर टोकावर येतो. एका वेळी पालवीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग काढू नये. वयस्कर झाडाचा तर त्याहूनही कमी.

नारळाची गोष्ट वेगळी. त्याला नवं लाकूड तयार करणारा कॅम्बियमचा थरच नसतो, त्यामुळे खोडावर पाडलेली खाच आयुष्यभर तशीच राहते. वाढीचा कोंबही शेंड्याला एकच. तो गेला की झाड गेलं. सुकलेल्या झावळ्या आणि नारळ वेळेवर उतरवावेत, हिरव्या झावळ्या ओरबाडू नयेत.

आणि मुळं! छाटणीवर पैसे खर्च करणाऱ्या सोसायट्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घालतात, हे बघून फार वाईट वाटतं. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि पालवीच्या घेराबाहेर पसरतात. केबलसाठी किंवा पाइपसाठी एका बाजूने चर खणला, की त्या बाजूचा आधारच जातो; पुढच्या पावसात माती ओली झाली की झाड मुळासकट आडवं होतं. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या आवारात आदेशाची वाट कशाला बघायची? अचानक आलेला कल, कलाच्या विरुद्ध बाजूला मातीत भेग, बुंध्याशी उगवलेल्या चिवट, बशीसारख्या बुरश्या, यातलं काहीही दिसलं की लगेच जाणकाराला बोलवावं.

जाणकार म्हणजे कोण? आवारातला माळी बागेचं काम उत्तम करत असेल, पण चाळीस फुटांवर दोराला लटकून करवत चालवणं हे वेगळं कौशल्य आहे. झाडांची निगा हाच व्यवसाय असलेल्यांना आर्बोरिस्ट म्हणतात. त्यांना प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही आहे. प्रमाणपत्र असो-नसो, कंत्राटदाराला झाडाखाली उभं करून विचारा: कुठली फांदी, कुठून, आणि का? ज्याला याचं उत्तर फांदीकडे बोट दाखवून देता येत नाही, त्याला काम देऊ नका. लाकूड त्यालाच मिळणार असेल तर जास्त कापण्यात त्याचा फायदा आहे, हेही लक्षात ठेवा. मजुरी आणि लाकूड यांचा हिशेब वेगळा ठेवावा. वर चढणाऱ्या माणसाला हार्नेस, हेल्मेट आणि विमा आहे का, जवळच्या तारांमधला वीजपुरवठा बंद करून घेतला आहे का, हे बघणं कमिटीचंही कर्तव्य आहे. माणूस पडला तर कुणाच्या ‘जबाबदारीवर’ काम होतं ही चर्चा निरर्थक असते. जिवंत झाडाच्या छाटणीसाठी बुटाला खिळे लावून चढणाऱ्याला थांबवा. प्रत्येक खिळा ही नवी जखम असते.

1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आपल्या मालकीच्या जागेतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. छाटणीसाठीही वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करून उपयोग नाही, कारण तेव्हा सगळ्या शहराला घाई असते आणि कावळ्यांची घरटीही भरलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी करून घ्यावी आणि मार्चपर्यंत काम उरकावं. प्रत्येक झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढून तारखेसह सोसायटीच्या फाइलला लावावेत. कमिटी बदलली तरी, कल नवा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्या फोटोंवरून कळेल. भर पावसात फांदी मोडून लोंबकळत असेल तर मात्र स्वतः हात न लावता महापालिकेच्या 1916 क्रमांकावर कळवावं आणि खालच्या गाड्या काढायला जाण्याआधी माणसं हटवावीत.