हुरड्याच्या हंगामाआधी कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडकतो

थंडी पडली की सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, मंगळवेढा, बार्शीकडे रस्त्याच्या कडेला हुरडा पार्टीचे फलक लागतात. फलक लावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नोंदणी आठवते ती डिसेंबरात. अर्ज अवघड नाही हो, सातबारा तयार नसतो!

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे. नोंदणी पर्यटन संचालनालय करतं आणि सोलापूर जिल्हा त्यांच्या पुणे विभागीय कार्यालयाकडे येतो. शेतकरी, कृषी सहकारी संस्था, शेतकरी कंपनी, कृषी विज्ञान केंद्र, सगळ्यांना अर्ज करता येतो. शेतकऱ्याकडे किमान 1 एकर जमीन हवी. शाळांच्या सहली आणायच्या असतील तर 5 एकर.

इथेच पहिली ठेच लागते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 0.40 हेक्टर, म्हणजे 40 आर दिसलं की लोक एकर धरून चालतात, पण एकर म्हणजे 40.47 आर. अर्ध्या गुंठ्यासाठी फाइल परत येऊ देऊ नका, शेजारचा गटही आपलाच असेल तर त्याचाही उतारा जोडा.

दुसरी अडचण मोठी. जमीन कसतो मुलगा आणि उताऱ्यावर नाव वारलेल्या वडिलांचं, नाहीतर आजोबांचं. आधी वारस नोंद करा. महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून अर्ज करता येतो, पण नोंद धरल्यावर हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते आणि त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. तलाठी कार्यालयात उद्या या, परवा या ऐकण्यात महिना सहज जातो, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसतो. म्हणून हे काम दिवाळीआधी उरका. खातं सामाईक असेल तर भावा-बहिणींची लेखी संमती आत्ताच घ्या. हंगामाच्या तोंडावर रुसवेफुगवे निघतात.

आधार, पॅन, वीजबिल ही नेहमीची कागदं. फक्त आधारवरचं आणि उताऱ्यावरचं नाव जुळतंय का, ते एकदा शेजारी ठेवून वाचा.

बहुतेकांकडे नसतो तो अन्न परवाना. ‘आम्ही फक्त हुरडा, शेंगाचटणी अन् भाकरी देतो’ हे कारण चालत नाही. पैसे घेऊन खाऊ घातलं की अन्नसुरक्षा नोंदणी लागतेच. छोट्या व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर होते.

शुल्क 2500 रुपये, सरकारी पैसे ऑनलाइन भरण्याच्या ‘ग्रास’ प्रणालीवर चलनाने भरायचं. पैसे कापल्याचा मोबाइलवरचा संदेश म्हणजे पावती नव्हे. जीआरएन, म्हणजे सरकारी संदर्भ क्रमांक असलेलं चलन उतरवून घ्या आणि विभाग पर्यटनाचाच निवडलाय ना, ते पैसे भरण्याआधी बघा. चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

प्रमाणपत्र कायमचं नसतं. दर 5 वर्षांनी 1000 रुपये भरून नूतनीकरण करावं लागतं. 2021 मध्ये नोंदणी केलेल्यांनी आपली तारीख आजच काढून बघा.