मॉम ब्लॉगिंग (मुंबई)

मॉम ब्लॉगिंग म्हणजे मुले वाढवताना आणि घर-नोकरी सांभाळताना आलेले अनुभव, घरात शिरलेले तंत्रज्ञान आणि आजूबाजूच्या चालू घडामोडी यांविषयी आयांनी स्वतःच्या किंवा टोपणनावाने इंटरनेटवर नियमित केलेले लेखन. मुंबईत ते मराठी, इंग्रजी, हिंदी, गुजराती अशा सगळ्या भाषांत होते, आणि पुष्कळदा एकाच परिच्छेदात दोन भाषा सुखाने नांदतात. अशा लेखनाला ‘घरगुती’ म्हणून बाजूला सारायची सवय जुनी आहे. मुंबईपुरती तरी ती सोडायला हवी. नळाला पाणी किती वाजता येते, लोकल कुठे खोळंबली, शाळा लवकर सोडली का, यांवर इथल्या घराचा दिवस ठरतो. त्यामुळे घराबद्दल खरे लिहायला बसलेली मुंबईकर आई शहराबद्दल लिहिल्यावाचून राहत नाही.

पूर्वपीठिका : इंटरनेट येण्याआधी मराठी स्त्रियांच्या अशा लेखनाच्या ठळक वाटा म्हणजे आत्मकथन आणि नियतकालिके. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली. दोन्हींत संसार आणि सार्वजनिक घडामोडी एकमेकांत इतक्या मिसळल्या आहेत की वेगळ्या काढताच येत नाहीत. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये सुरू झाले, विद्या बाळ यांचे ‘मिळून साऱ्याजणी’ १९८९ मध्ये. खुद्द मुंबईत र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत चिकाटीने ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांबद्दल वाचक त्यात पत्रांतून प्रश्न विचारत. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे काढता येणार नाही असा विषय अनोळखी पण जाणत्या माणसापुढे मांडायचा, ही गरज तेव्हाही होती. पुढे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी, विशेषतः ‘लोकसत्ता’च्या ‘चतुरंग’ने, नोकरदार आईच्या प्रश्नांना हक्काची जागा दिली.

स्वयंपाकघरातून थेट राजकारणात शिरण्याचा वारसाही या शहराचाच आहे. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल हे तेव्हाचे ज्वलंत राजकीय विषय होते. सिलिंडर किंवा टोमॅटोच्या भावावर आज एखादी आई लिहिते, तेव्हा त्या मोर्च्याचे नाव तिला ठाऊक असो वा नसो, ती त्याच परंपरेत उभी असते.

इंटरनेटवर आगमन : विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले. पुढे ‘मनोगत’ (२००४) आणि ‘मिसळपाव’ (२००७) आली. या ठिकाणी पाककृती, बाळंतपण, शाळाप्रवेश, सासर-माहेर यांवर स्त्रिया मोकळेपणाने लिहू लागल्या. खरी अडचण अक्षरांची होती. प्रत्येक फॉन्टची संकेतव्यवस्था निराळी, त्यामुळे एकीने लिहिलेले दुसरीच्या संगणकावर अगम्य चिन्हांच्या रूपात उघडे. युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच संकेतव्यवस्थेचा, वापर रुळल्यावरच मराठी मजकूर कुठल्याही यंत्रावर नीट दिसू लागला, शोधता येऊ लागला. मराठी ब्लॉगांना बहर आला तो त्यानंतर.

मुंबईत आयांच्या इंग्रजी ब्लॉगांनी आधी जोर धरला. किरण मनराल यांचे ‘थर्टीसिक्स अँड काउंटिंग’ आणि ‘कार्मिक किड्स’ हे ब्लॉग देशभर वाचले गेले, आणि यांतल्या दुसऱ्या ब्लॉगच्या नावाने त्यांचे पुस्तकही निघाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्यांनीच ‘इंडिया हेल्प्स’ हे आपद्‌ग्रस्तांना मदत करणारे स्वयंसेवकांचे जाळे उभारले. पोराच्या खोड्यांवर लिहिणाऱ्या बाईभोवती जमलेला वाचकवर्ग संकटात मदतीला धावतो, ही या लेखनाच्या सामाजिक ताकदीची साक्ष आहे. तिच्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मराठीत लाट आली ती मोबाइलमुळे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या बोलून टंकलेखनाच्या सोयीत मराठीची भर पडली. आईच्या दिवसात लिहायला बसण्याचा असा सलग वेळ नसतो. कणीक मळताना फोन ओट्यावर उभा करून वाक्ये बोलायची, मग सावकाश त्यातल्या चुका काढायच्या, अशी अनेकींची पद्धत आहे. दुसरी जागा म्हणजे लोकलचा लेडीज डबा. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली. ती गाडी आणि इतर गाड्यांतले बायकांचे डबे हे भाजी निवडण्याचे, वाढदिवस आणि हळदीकुंकू साजरे करण्याचे ठिकाण होतेच. आता तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धवट टेकून अंगठ्याने परिच्छेद लिहिणारीही तिथे दिसते. डोंबिवली किंवा विरारहून निघालेला मजकूर दादर येईपर्यंत पुरा होतो, उतरता उतरता प्रसिद्ध होतो आणि परतीच्या गाडीत तिच्या सोबतिणी त्यावर तोंडी मते देतात. ‘मॉमस्प्रेसो’ आणि २०१४ मध्ये सुरू झालेली ‘प्रतिलिपी’ यांनी मराठीत लिहिणाऱ्यांना तयार व्यासपीठ दिले. त्यामुळे स्वतःचा ब्लॉग सांभाळण्याचे तांत्रिक ओझे उरले नाही.

विषय : सर्वांत जास्त लिहिले जाते ते शाळेबद्दल. मुलाखती, देणग्या, शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचे ऑनलाइन अर्ज, कुठली कागदपत्रे लागतात, घरापासूनचे अंतर नकाशावर कसे दाखवायचे, हे आयांनी एकमेकींना पायरीपायरीने समजावलेले असते. एका नोंदीत फोटोचा आकार कमी कसा करायचा आणि पोचपावती कुठे साठवायची एवढेच असते, पण अर्जाच्या आदल्या रात्री तिचाच आधार वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अशा निकालाची बातमी वर्तमानपत्रात कायद्याच्या भाषेत येते. “आता माझ्या मुलीला कोपऱ्यावरच्या शाळेत अर्ज करता येईल का?” या प्रश्नाचे उत्तर मात्र कुणा आईने लिहिलेले सापडते. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय सरकारने २९ जून २०२५ रोजी मागे घेतला. त्या आधीच्या आठवड्यांत हा विषय घराघरांत पोचला होता. सहा वर्षांच्या मुलाला किती भाषा आणि किती लिप्या झेपतात, हे रोज अभ्यास घेणारी आई अनुभवाने सांगू शकते. मराठी माध्यम की इंग्रजी, हा तर मुंबईच्या मराठी घरातला कायमचा वाद. मुलाला मराठी शाळेत घातलेल्या आयांनी नातेवाइकांचे टोमणे आणि मुलांची प्रगती दोन्ही खुल्या मनाने लिहून ठेवली आहे.

डबा हा वरवर किरकोळ, प्रत्यक्षात अतिशय समृद्ध विषय आहे. छोट्या सुट्टीचा कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीची पोळीभाजी, काही शाळांनी ठरवून दिलेला आठवड्याचा तक्ता, सकाळी सात-सव्वासातची व्हॅन. त्यातून घरातली श्रमविभागणी उघडी पडते : कोण किती वाजता उठते, बाबा डबा भरतात का, आजी-आजोबा जवळ राहतात की पाळणाघरावर भिस्त आहे. अंधेरीत राहणाऱ्या मुलीचे माहेर बदलापूरला किंवा थेट सांगलीला असते. पूर्वी चाळीत शेजारच्या काकूंकडून जे विनासायास कळे, ते बंद दाराच्या फ्लॅटमध्ये कळत नाही. तापात मुलाला काय खायला द्यावे, पहिल्या दिवशी पाळणाघरात रडणाऱ्या बाळाला सोडून ऑफिसला कसे जावे, हे मग इंटरनेटवर विचारले जाते. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायदा कागदावर कुठवर आहे आणि ऑफिसात कुठवर, याच्या नोंदी आयांनीच ठेवल्या.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शाळांच्या बस रस्त्यात अडकल्या, मुलांनी रात्र वर्गांत किंवा अनोळखी घरांत काढली. तेव्हापासून हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे ही पाणी तुंबणाऱ्या जागांची नावे मुंबईच्या आईसाठी नुसती ठिकाणे राहिलेली नाहीत. मुसळधार दिवशीच्या या नोंदी म्हणजे जवळजवळ शहराचे रोजनामे आहेत. दहा वाजता शाळेच्या ग्रुपवर ‘मुलांना घेऊन जा’ असा निरोप, साडेदहाला व्हॅनवाल्या काकांचा फोन लागत नाही, अकराला भरतीची वेळ पाहिली जाते, बाराला वरच्या मजल्यावरची कुणी तरी चार घरांची मुले एकदम घेऊन येते. हवामान खात्याचा आकडा पाऊस किती पडला ते सांगतो. त्या पावसात नऊ वर्षांचा मुलगा घरी कसा पोचला, हे या नोंदी सांगतात.

तंत्रज्ञानाबद्दलचे लेखन करोनाकाळात अक्षरशः एका रात्रीत वाढले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला. त्या काळात एका खोलीच्या घरात दोन मुले, एक फोन आणि आईची स्वतःची मीटिंग यांचे वेळापत्रक कसे बसवले, याचे तपशील या लेखनात आहेत. शिक्षणाच्या अभ्यासकांनी ते अवश्य वाचावेत. हल्ली मुलाला मोबाइल कधी द्यावा, खेळांतली पैशांची खरेदी कशी बंद करावी, गृहपाठ यंत्राकडून लिहून घेतला तर काय, असे प्रश्न पुढे आहेत.

राजकीय लिहिण्याची किंमतही असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्या खटल्याच्या मुळाशी हेच प्रकरण होते. कायद्याची भीती ओसरली तरी शेरेबाजीची राहिली. मेट्रोच्या कारशेडसाठी आरे वसाहतीत झालेल्या वृक्षतोडीवर (ऑक्टोबर २०१९) लिहिणाऱ्या आईला “आधी घर सांभाळा” असे ऐकवले जाते. बाबांना तसे कुणी म्हणत नाही.

जाहिरात : वाचकवर्ग वाढला तशा कंपन्या आल्या. डायपर, तेल, खेळणी, शिकवण्यांची ॲप. अनुभव कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे वाचणारीला कळलेच पाहिजे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने मे २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार १४ जून २०२१ पासून पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या मजकुरावर तशी ठळक नोंद आवश्यक आहे. बाळाच्या आहाराबाबत तर कायदाच आहे : १९९२ चा, २००३ मध्ये कडक केलेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे पर्यायी दूध, बाटल्या आणि आहार यांच्या जाहिरातीला त्यात मनाई आहे. ही मनाई ओल्या बाळंतिणीच्या धास्तीचा व्यापार होऊ नये म्हणून आहे, आणि ती पाळण्यात लिहिणाऱ्या आईचा वाटा मोठा आहे.

मुलांची संमती : या लेखनातला सर्वांत अवघड प्रश्न हाच. अंथरूण ओले करण्यापासून गणितातल्या गुणांपर्यंत ज्याचे किस्से लिहिले, ते मूल पुढे वाचायला शिकते, आणि त्याचे वर्गमित्रही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणजे संमतीची चावी आईबापांकडेच. ब्लॉग लिहिताना स्वतःची माहिती स्वतःहून जाहीर करणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण त्या कायद्यातच दिले आहे, आणि अशा माहितीला तो लागू होत नाही. आईने जाहीर केलेल्या मुलाच्या माहितीचे काय, हे त्या उदाहरणाने सुटत नाही. जबाबदार लेखिकांनी आपले नियम स्वतःच घातले आहेत : खऱ्या नावाऐवजी लाडके नाव, गणवेश, शाळेचा बिल्ला किंवा इमारतीची पाटी दिसेल असा फोटो नाही, आणि मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की प्रसिद्ध करण्याआधी त्याला मजकूर वाचून दाखवायचा. त्याने नको म्हटले तर तो मजकूर जात नाही.

मर्यादा : हे लेखन बहुतांशी शिकलेल्या, स्थिर उत्पन्नाच्या, पुष्कळदा सवर्ण घरांतल्या आयांचे आहे. त्यात घरकामाच्या मावशी आणि बाळ सांभाळणाऱ्या ताई वारंवार येतात, पण त्यांची स्वतःची मुले दिवसभर कुणाकडे असतात, हे क्वचितच येते. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) कोकणातल्या दलित घरापासून मुंबईतल्या नोकरी-संसारापर्यंतचे आईपण ज्या धैर्याने आले आहे, तेवढी खोली ब्लॉगांत अजून विरळाच. वस्तीतल्या आया आता लिहिण्यापेक्षा मोबाइलवर चित्रफिती करतात. त्यांनाही याच नोंदीत जागा हवी.

जतन : २०१३ मध्ये गूगल रीडर ही निरनिराळ्या ब्लॉगांवरचे नवे लेखन एका जागी दाखवणारी सेवा बंद झाल्यावर ब्लॉग नियमाने वाचण्याची सवय मोडली आणि लेखन फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबकडे सरकले. जुने ब्लॉग हळूहळू नाहीसे होत आहेत : कुणी डोमेनचे पैसे भरले नाहीत, कुणी परवलीचा शब्द विसरली, कुणाचा मजकूर बंद पडलेल्या फॉन्टमध्ये अडकला, कुणी मुले मोठी झाल्यावर सगळे खाजगी केले. शेवटच्या कारणाचा मान राखायलाच हवा. बाकीच्यांसाठी, ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही सेवांमध्ये सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. काही जणी निवडक नोंदींची छापील प्रत काढून ठेवतात, काहींचे लेख दिवाळी अंकांतून पुन्हा प्रसिद्ध झाले आहेत.