घोडा पाण्यात, पण पोहत नाही

काचेच्या लांबट हौदात गुडघाभर पाणी, तळाशी सरकता पट्टा आणि त्यावर जागच्या जागी चालणारा घोडा: घोड्यांच्या व्यायामाचा ‘वॉटर ट्रेडमिल’. असा एक व्हिडिओ गेल्या आठवड्यात मला तीन मित्रांनी पाठवला. तिघांच्याही व्हिडिओखाली तीच ओळ: ‘पाण्यात वजनच उरत नाही, म्हणून पायांना आराम!’ वाचून राहवलं नाही, म्हणून हा लेख.

वजन कमी होतं हे खरं. बुडालेल्या भागाने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल वर ढकलतं, हे शाळेत शिकलोच आहोत. पण व्हिडिओतल्या घोड्याचं बुडालंय काय? फक्त पाय, तेही गुडघ्यापर्यंत. चारही पायांचा तेवढा भाग मिळून वीस लिटर धरला, तरी ५०० किलोच्या घोड्याला सूट मिळाली २० किलोची, म्हणजे ४ टक्के. पाणी कोपरापर्यंत, म्हणजे पुढचा पाय छातीला मिळतो तिथवर, चढवलं तर १० ते १५ टक्के. पार कमरेच्या हाडापर्यंत नेलं तर मात्र ७५ टक्क्यांच्या आसपास, कारण मग ते पिंपासारखं पोट बुडतं. गुडघाभर पाण्यात जे घडतं त्याचं श्रेय आर्किमिडीजला देण्यात अर्थ नाही. तिथे सगळा खेळ पाण्याच्या अडवण्याचा आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यातून काही ढकलायचं तर होणारा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर रोध चौपट. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडं, कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि खूर. मांसल भाग सगळा वर, धडाजवळ. टोक हलकं असल्यामुळे पाय लंबकासारखा सहज झुलतो आणि घोडा एवढ्याशा खर्चात एवढा पळतो. पाणी नेमकं या हलक्या टोकाला धरतं. तरफ लांब, अडथळा टोकाला, त्यामुळे मेहनत खांद्याच्या आणि पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या मांसल भागाच्या, स्नायूंना.

आता माझा आवडता भाग. थोडा आकडेमोडीचा आहे, सांभाळून घ्या. पट्ट्यावरच्या पाण्यात चालणं आणि तळ्यात चालणं एकच का? कोरड्या जमिनीवर या प्रश्नाचं उत्तर ‘जवळपास एकच’ असं आहे. पाण्यात तसं नाही. समजा, वेग ताशी ४ किलोमीटर. चालताना प्रत्येक खूर सुमारे ६० टक्के वेळ टेकलेला आणि ४० टक्के वेळ उचललेला असतो. पट्ट्यावर टेकलेला खूर ४ च्या वेगाने मागे जातो. तेवढंच अंतर त्याला ४० टक्के वेळात पुढे कापायचं, म्हणजे सरासरी वेग ६. हौदातलं पाणी साधारण स्थिर, घोड्याचं धडही स्थिर. म्हणून पाण्याच्या तुलनेत खुराचा वेग ६. तळ्यात मात्र धडच ४ ने पुढे चाललेलं. त्यात हे ६ मिळवा, झाले १०. दोन्हींचे वर्ग ३६ आणि १००. म्हणजे त्याच चालीला, तेवढ्याच पाण्यात, पुढे येणाऱ्या पायाला तळ्यात जवळजवळ पावणेतीन पट रोध! उलट टेकलेल्या पायाला तळ्यात पाणी फारसं छळत नाही, हौदात मात्र तो पाणी कापत मागे जातो. अर्थात हे कागदावरचं गणित. पट्टा थोडं पाणी स्वतःबरोबर ओढतो, चार पाय ते घुसळतात, लाटा भिंतींवरून परत येतात. तरी सापेक्ष वेगाचं इतकं देखणं उदाहरण पाठ्यपुस्तकात का नसावं, कळत नाही.

घोड्याला हे गणित येत नाही, पण उत्तर येतं: पाणी ढकलायचंच नाही, खूर वर काढून त्यावरून न्यायचा. म्हणून उथळ पाण्यात सांधे जास्त दुमडतात, टाप लांब पडते आणि मिनिटाला पडणाऱ्या टापा कमी होतात. पाणी आणखी चढलं की खूर बाहेर काढणं परवडत नाही. मग तो ढकलतच चालतो. खोली बदलली की व्यायामच बदलला.

हे उत्तर सापडायला घोडा निर्धास्त हवा. त्याची नजर जवळजवळ ३५० अंश फिरते, पण थेट मागचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही. बाजूला भिंती, पंपाची घरघर, खालची जमीन आपोआप सरकतेय, आणि पळून जाणं हाच ज्याचा मूळ बचाव, त्याला दारं बंद. म्हणून पहिला धडा कोरडा. दोन्ही दारं उघडी ठेवून बोळातून न्यावं तसं आरपार न्यायचं. दोनदा, तीनदा. मग आत उभं करायचं, दारं लावायची. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा), कळ फिरवायला तिसरा माणूस, आणि पट्टा अगदी हळू सुरू. पहिली पाचसहा पावलं बघण्यासारखी असतात: पाय फाकलेले, पुठ्ठा खाली दबलेला, बर्फावर उभं केल्यासारखा. चाल सरळ झाली की मग पाणी, तेही आधी खुरापुरतं.

काही ठिकाणी पहिल्या वेळी पशुवैद्य सौम्य शामक देतात. त्याने घाबरगुंडी कमी होते, पण घोडा अडखळू शकतो आणि त्या दिवशीच्या नाडीवर विसंबता येत नाही. खरी गफलत दुसरीच. एकदम पाणी भरून घोडा ‘गप्प झाला’ की काम फत्ते, असं मानणारे असतात. गप्प म्हणजे शांत नव्हे. ताणलेले ओठ, आवळलेली शेपटी, फुगलेल्या नाकपुड्या, वर ताठ धरलेलं डोकं हे सगळं शरणागतीतही दिसतं. आणि डोकं वर गेलं की पाठ खोलगट होते. पाण्याच्या व्यायामातून हवं असतं नेमकं उलटं: कंबर आत वळावी, पाठ उचलली जावी. घाबरलेला घोडा पाण्यात चालत असला तरी वेगळाच व्यायाम करत असतो.

‘पाण्यातली दहा मिनिटं म्हणजे जमिनीवरचा एक तास’ अशी जाहिरात दिसली तर विचारा: किती खोल पाण्यात, कोणत्या वेगाने, कितव्या धड्याला? कपाळावरच्या भोवऱ्यावरून घोड्याचं नशीब सांगण्याच्याच जातीचं हे गणित.

कितवा धडा, हे महत्त्वाचं. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० च्या घरात असते. पहिल्या धड्यात पाणी येण्याआधीच, नुसतं दार बंद झाल्यावर ती उडी मारते. पुढच्या धड्यांत तोच वेग, तेवढंच पाणी, तरी ती उतरत जाते आणि एका जागी स्थिरावते. तिथून पुढे आकडे लिहायला घ्यावेत. त्याआधीच्या आकड्यात मेहनत किती आणि भीती किती, हे वेगळं काढता येत नाही.