बांधकाम सुरक्षेची डिजिटल साधने

बांधकामाच्या जागी होणारे अपघात टाळण्यासाठी, निदान त्यांची चाहूल वेळेत लागावी म्हणून वापरली जाणारी संगणकीय साधने. इमारतीच्या त्रिमितीय प्रतिमानात धोके हुडकणारे सॉफ्टवेअर, मोबाइलवर निघणारा कामाचा परवाना, क्रेनवरचा भार मोजणारे सेन्सर, कॅमेऱ्यातून हेल्मेट ओळखणारी प्रणाली असे बरेच काही त्यांत येते. विक्रेते यंत्राचे गुण सांगतात. साधनाचे यशापयश मात्र बहुधा दुसरीकडेच ठरते. धोका दिसल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि साधन त्या माणसाचे हात बळकट करते की नुसती नोंद करून मोकळे होते, हे त्याची रचना करतानाच ठरवावे लागते.

कारखान्यात यंत्र जागचे हलत नाही आणि कामगार बहुतेक तेच असतात. साइटवर दोन्ही उलटे. काल सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतण्याचा तात्पुरता साचा, होते तिथे आज स्लॅब असतो. काल फळ्या ठोकून बंद केलेले लिफ्टचे डक्ट आज साहित्य चढवण्यासाठी उघडलेले असते. विकासक, मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम अशा उतरंडीत सळई बांधणारा एकाचा, गिलावा करणारा दुसऱ्याचा आणि वायरिंगवाला तिसऱ्याचा माणूस असतो. एकाने काढलेला कठडा दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत बांधकामातील मृत्यूंची चार मुख्य कारणे मानतात : उंचीवरून पडणे, वस्तूचा किंवा वाहनाचा आघात, विजेचा धक्का आणि दोन वस्तूंमध्ये चेंगरणे. त्यांत एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या पडण्याने होतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सेफ्टी ऑफिसरला विचारले तरी परांची, स्लॅबची कड आणि उघडे डक्ट हीच नावे आधी येतील.

आराखड्याच्या टप्प्यावर : बरेचसे धोके वास्तुविशारदाच्या आणि संरचना अभियंत्याच्या टेबलावरच जन्माला येतात. हे ओळखून अमेरिकेत जिमी हिन्झ आणि जॉन गॅम्बाटीस या संशोधकांनी १९९० च्या दशकात अभिकल्पकांसाठी, म्हणजे आराखडा करणाऱ्यांसाठी, एक संगणकीय सूचनासंच तयार केला. अशा सूचनांचे नेहमीचे उदाहरण गच्चीच्या कठड्याचे. कठडा ४२ इंच, म्हणजे सुमारे १.०७ मी. उंच धरला, की तो बांधून झाल्यावर गच्चीवरच्या कामाला आणि पुढे वर्षानुवर्षे दुरुस्तीलाही वेगळे रेलिंग लावावे लागत नाही. ब्रिटनने १९९४ च्या नियमांनी अभिकल्पकावर अशी कायदेशीर जबाबदारीच टाकली. सध्याचे नियम २०१५ चे आहेत. सुरक्षेची माहिती डिजिटल प्रतिमानातून एकमेकांकडे कशी सोपवावी, याचे मार्गदर्शक मानक तिथे २०१८ मध्ये आले.

त्रिमितीय प्रतिमान, म्हणजे बोलीतले ‘बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग), आल्यावर हे काम काही अंशी आपोआप होऊ लागले. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेली प्रणाली प्रतिमानातील स्लॅबच्या कडा व भोके शोधते, ती कामाच्या वेळापत्रकाशी जोडते आणि कोणत्या तारखेला कुठे कठडा किंवा झाकण हवे ते सांगते. यातली खरी करामत वेळापत्रकाची आहे. भोक कुठे आहे हे नकाशा सांगतोच. ते किती दिवस उघडे राहणार हे नकाशात नसते. अडचण अशी, की प्रतिमान साइटइतके ताजे असावे लागते. प्लंबरने हातोड्याने पाडलेले भोक त्यात नसते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ साइटवर तर दुरुस्त्या अजून छापील नकाशावर पेनाने होतात.

कामाचा परवाना : उंचीवरचे काम, वेल्डिंग, खोल खोदाई, बंदिस्त टाकीत उतरणे अशा कामांना परवाना लागतो. कागदी पुस्तक असले की सकाळी एकाच टेबलावर आठदहा परवान्यांवर सह्या होतात, आणि सही करणारा जागेवर गेलेला असतोच असे नाही. तेच पुस्तक जसेच्या तसे मोबाइलवर चढवले तर हाच प्रकार अधिक वेगाने होतो. ‘सर्व होय’ असे एक बटण दिले की तपासणी संपली.

चांगली रचना इथे मुद्दाम आडकाठी घालते. पाण्याच्या भूमिगत टाकीत आतून वॉटरप्रूफिंग करायचे आहे असे धरू. टाकीच्या तोंडाशी लावलेला क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय अर्ज उघडत नाही, म्हणजे मागणारा आणि तपासणारा दोघांना तिथवर जावेच लागते. प्राणवायूचा आकडा हाताने भरायची सोय नसते. तो गॅसमापकाकडून थेट येतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर मंजुरीचे बटणच दिसत नाही. बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव वेगळे लागते. आत उतरणाऱ्याचेच नाव तिथे पुन्हा चालत नाही. पाळी संपली की परवाना आपोआप रद्द होतो. आणि त्याच उभ्या रेषेत वरच्या मजल्यावर वेल्डिंगचा परवाना चालू असेल तर दोन्ही सुपरवायझरांच्या फोनवर सूचना जाते. हा शेवटचा गुण कागदाला कधीच जमला नव्हता. हाँगकाँगच्या सार्वजनिक कामांवरील व्यवस्थेत (तिच्याविषयी पुढे) याच्या जोडीला धोकादायक जागेचे इलेक्ट्रॉनिक कुलूपही आहे.

सेन्सर आणि इशारे : टॉवर क्रेनवरचा भार व वारा, पोकलेनच्या फिरण्याच्या टापूत आलेला माणूस, परांचीचे कलणे, खड्ड्याच्या भिंतीचे सरकणे हे सगळे आता सतत मोजता येते. जीपीएस छताखाली निकामी ठरते, म्हणून इमारतीच्या आत माणूस कुठे आहे हे कळायला त्याच्या अंगावर ब्लूटूथ किंवा अल्ट्रा-वाइडबँड रेडिओलहरींचे टॅग लावतात. मोजणे हा सोपा भाग झाला.

पुढचा भाग किती अवघड आहे ते सिंगापूरने पाहिले. मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी निकोल हायवेला लागून सुमारे ३० मी. खोल खोदाई चालू असताना २० एप्रिल २००४ रोजी दुपारी आधारभिंतींना तोलणारी पोलादी टेकूंची रचना कोसळली, रस्ता खचला आणि चौघांचा मृत्यू झाला. चौकशीत दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. संगणकावरील भूतांत्रिक विश्लेषणात मऊ सागरी चिकणमातीसाठी चुकीची पद्धत निवडली होती; मातीची ताकद जास्त धरली गेल्याने भिंतीवरचा जोर कमी दिसला. टेकू आणि आडव्या तुळया यांचे सांधेही कमकुवत अभिकल्पित होते. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. भिंत किती सरकली हे सांगणारी उपकरणे लावलेली होती, त्यांचे आकडे ठरलेल्या मर्यादा ओलांडतही होते. पण काम थांबण्याऐवजी नवे गणित मांडून मर्यादाच वर सरकवली गेली. दुर्घटनेच्या दिवशी सकाळपासून टेकूंचे आवाज येत होते आणि तुळया वाकलेल्या दिसत होत्या.

म्हणून आजच्या देखरेख-प्रणालीची पारख करताना आलेखाच्या रंगांपेक्षा एक साधी चाचणी उपयोगी पडते : इशाऱ्याची मर्यादा बदलायची तर काय करावे लागते? काम पुढे रेटण्यात ज्याचा फायदा आहे तोच एका क्लिकवर ती बदलू शकत असेल, तर सेन्सर कितीही महाग असो, त्याचा भरवसा नाही. बदलाला बाहेरच्या अभियंत्याची संमती लागावी आणि जुनी मर्यादा आलेखावर पुसली न जाता दिसत राहावी, एवढे सॉफ्टवेअरमध्ये बसवता येते. सिंगापूरने पुढे २००६ मध्ये कार्यस्थळ सुरक्षेचा नवा कायदा केला.

कॅमेरे : सिंगापूरमध्ये जून २०२४ पासून ५० लाख सिंगापूर डॉलर व त्याहून मोठ्या बांधकाम कंत्राटांच्या जागी व्हिडिओ देखरेख सक्तीची आहे. हाँगकाँगने २०२३ मध्ये ३ कोटी हाँगकाँग डॉलरवरील सार्वजनिक कामांना ‘स्मार्ट साइट सेफ्टी सिस्टिम’ लागू केली. तीत कॅमेऱ्यांसोबत डिजिटल परवाने, क्रेनखालच्या टापूचे इशारे आणि आभासी वास्तवातील प्रशिक्षण एका मंचावर आणले आहे. प्रतिमा ओळखणाऱ्या प्रणालीला हेल्मेट आणि जाकीट चटकन दिसते, म्हणून बाजारात तेच जास्त विकले जाते. पण धोकानियंत्रणाच्या मान्य उतरंडीत धोका मुळातूनच काढणे सर्वांत वर आणि अंगावरची साधने सर्वांत खाली असतात. कॅमेरा रोज हेल्मेट मोजत राहिला आणि स्लॅबची कड उघडीच राहिली, तर खर्च चुकीच्या पायरीवर झाला. शिवाय सेफ्टी बेल्ट घातलेला दिसतो. त्याचा हूक कशाला अडकवलाय, की नुसताच लोंबतोय, हे सांगणे अजून कठीण जाते.

कामगाराच्या हातातले साधन : थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद ठेवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी सुरक्षा-अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना असे प्रमाण मांडले. ते प्रमाण आता वादग्रस्त आहे. घटना नोंदवण्याची सवय टिकली. मोबाइल ॲपने ती सोपी केली आणि बिघडवलीही. दर सुपरवायझरला महिन्याला अमुक नोंदींचे लक्ष्य दिले, की महिनाअखेरीस बिनहेल्मेटच्या माणसाचे फोटो धडाधड जमा होतात आणि तडा गेलेल्या टेकूबद्दल कोणी बोलत नाही.

पुण्या-मुंबईच्या साइटवर मराठवाडा आणि विदर्भातले, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगाल, कर्नाटक, तेलंगणातले कामगार एकत्र असतात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतले ॲप कार्यालयाला पुरते, बिगाऱ्याला नाही. लिहायला लावण्यापेक्षा फोटो आणि आपल्या बोलीतला आवाज घेणे बरे. सिमेंटने माखलेल्या बोटांनाही ते जमते. नाव न सांगता तक्रार करता आली पाहिजे, कारण उद्याची हजेरी मुकादमाच्या हाती असते. आणि तक्रारीचे पुढे काय झाले हे दुसऱ्या दिवशीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, सांगितले गेले नाही, तर आठवड्याभरात नोंदी आटतात.

आराखडे करणारे एक जागा हमखास विसरतात : कामगारांची वस्ती. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला शेजारच्या निवासी संकुलाची संरक्षक भिंत पावसात बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि चार मुलांसह पंधरा जण ठार झाले. सुरक्षा-नकाशाची हद्द कामाच्या खड्ड्यापाशी संपत असेल, तर अशी भिंत त्यात येतच नाही.

कायदा आणि माहितीची मालकी : भारतात १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, त्याखालील महाराष्ट्राचे २००७ चे नियम आणि राष्ट्रीय इमारत संहितेचा बांधकाम सुरक्षेचा भाग हा या विषयाचा पाया राहिला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. टॅग आणि चेहरा ओळखणारी हजेरी कामगाराच्या हालचालींची बारीक नोंद ठेवते; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा इथे संबंध येतो. सुरक्षेसाठी लावलेला टॅग चहाला किती वेळ लागला हे मोजायला वापरला जातो अशी शंका आली, की तो हेल्मेटवरून काढून खिळ्याला टांगला जातो.

ही साधने बहुतांशी मोठ्या प्रकल्पांवरच दिसतात. गल्लीतल्या चार मजली इमारतीवर, दुरुस्तीच्या आणि रंगाच्या कामांवर, मजूर अड्ड्यावरून दिवसापुरता आणलेल्या माणसाजवळ यांतले काहीच नसते. सेफ्टी ऑफिसरही नसतो. तिथे उपलब्ध असलेले डिजिटल साधन म्हणजे ठेकेदाराचा व्हॉट्सॲप गट, आणि त्यावर कामाच्या प्रगतीचे फोटो जातात.