राज्य उद्यानांच्या नियोजनातील लोकसहभाग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्य सरकारांच्या ताब्यातील उद्यानांचा आराखडा ठरवताना नागरिकांच्या हरकती व सूचना विचारात घेण्याची पद्धत. ही उद्याने केंद्राच्या राष्ट्रीय उद्यानांहून वेगळी असून प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. पायवाट कुठून न्यायची, तंबूंना जागा किती द्यायची, कोणता भाग माणसांसाठी बंद ठेवायचा, असे प्रश्न आराखड्यात सुटतात.

1970 साली केंद्रात राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पर्यावरणीय परिणाम तपासण्याचा स्वतःचा कायदा केला आणि प्रकल्पाच्या मसुद्यावर लोकांचे म्हणणे मागवण्याचा पायंडा पक्का झाला. फ्लोरिडात 160 एकरांहून मोठ्या जमिनीच्या आराखड्यासाठी सल्लागार गट नेमावा लागतो. त्यात स्थानिक जमीनमालक, संवर्धन संस्था आणि लोकप्रतिनिधी असतात. जिल्ह्यात किमान एक जनसुनावणीही बंधनकारक आहे.

सुनावणी झाली म्हणजे सहभाग झाला, असे मात्र नाही. अमेरिकन नियोजन-अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसता सल्ला मागणे ही चौथी पायरी, म्हणजे देखाव्याच्याच गटातली. सगळे ठरल्यावर विचारलेले मत आराखडा फारसा हलवू शकत नाही. म्हणून मसुद्याआधीची चर्चा सर्वांत मोलाची.

ऑगस्ट 2024 मध्ये फ्लोरिडात हे लख्ख दिसले. नऊ उद्यानांत नवी बांधकामे सुचवली गेली: जोनाथन डिकिन्सन उद्यानात गोल्फची मैदाने, अन्यत्र पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाची मैदाने आणि दोन ठिकाणी 350 खोल्यांपर्यंतची निवासगृहे. घोषणेनंतर जेमतेम आठवड्याभराने सर्व सुनावण्या एकाच दिवशी, एकाच वेळी, तासाभरात उरकायच्या होत्या. दोन उद्यानांविषयी बोलू इच्छिणाऱ्याने जायचे कुठे? स्क्रब-जे या दुर्मीळ पक्ष्याचा अधिवास जाईल म्हणून पक्षीप्रेमी संतापलेच. दोन्ही प्रमुख राजकीय पक्षांचे लोकप्रतिनिधीही विरोधात उतरले. काही दिवसांतच प्रस्ताव मागे पडला. 2025 साली विधिमंडळाने एकमताने कायदा करून उद्यानांत अशी बांधकामे रोखली आणि सुनावणीच्या किमान 30 दिवस आधी प्रस्तावित आराखडा लोकांसमोर ठेवणे सक्तीचे केले.