फायनल फॅन्टसी ९ : जाहीर न झालेल्या रीमेकची पार्श्वभूमी

७ जुलै २०२५ रोजी फायनल फॅन्टसी ९ला, म्हणजे त्याच नावाच्या जपानी व्हिडिओ गेम मालिकेच्या नवव्या भागाला, २५ वर्षं पूर्ण झाली. प्रकाशकाने वर्धापनासाठी वेगळं संकेतस्थळ उघडलं होतं आणि निरनिराळे उपक्रम आखत असल्याचं त्यावर लिहिलं होतं. चाहत्यांना एवढं पुरलं. त्या एका तारखेवर महिनोन्‌महिने भिस्त ठेवली गेली. तारीख आली, संग्राह्य वस्तू आल्या, शुभेच्छांची चित्रं आली. रीमेकचा, म्हणजे जुना गेम नव्याने बनवण्याचा, उल्लेख कुठेच नव्हता.

बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की जी गोष्ट कोणी कधी कबूलच केली नाही तिच्यावरून ही मंडळी इतकी वर्षं का भांडताहेत? बाजारात तुरी, अशातला प्रकार. पण या आशेलाही एक इतिहास आहे आणि तो २०००पेक्षा २०२१पासून जास्त नीट कळतो.

तरी सुरुवातीचं थोडं सांगायला हवं. नववा भाग आला तो वेळ चुकवून. प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २०००मध्ये बाजारात आला होता आणि हा गेम जुलैमध्ये जुन्या कन्सोलवर, चार डिस्कवर आला. त्याचं बरंचसं काम होनोलुलूत झालं. त्याच सुमारास दहाव्या भागाचंही काम सुरू होतं आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे लागल्या होत्या. समीक्षकांनी नवव्याला डोक्यावर घेतलं (समीक्षांची सरासरी मांडणाऱ्या मेटाक्रिटिकवर आजही ९४ गुण आहेत), पण खपात तो सातव्या आणि आठव्याच्या मागे राहिला. मालिकेच्या जनकाने हा आपला सर्वात लाडका भाग असल्याचं अनेकदा सांगितलं आहे. रीमेकच्या बाजूने बोलणारे हे विधान हमखास पुढे करतात. ते हे विसरतात की या गृहस्थांनी कंपनी कधीच सोडली आहे.

इंग्रजी आवृत्तीसोबत विकलं गेलेलं अधिकृत गाइड आठवलं तरी जुन्या खेळाडूंच्या कपाळावर आठ्या चढतात. नेमकी माहिती पानावर नसायचीच, तिथे फक्त एक कोड असायचा. तो संकेतस्थळावर टाकला की मगच उत्तर मिळणार, तेही डायल-अपच्या काळात. गेममधल्या कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षं लोकांच्या नजरेआड राहिल्या. चौथ्या डिस्कमधला नीरो कुटुंबाचा साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची छोटी मोहीम) जपानबाहेरच्या बहुतेक खेळाडूंना कळला तो २०१३मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. या गेमभोवतीची वस्ती कधी ओस पडली नाही, त्यामागे ही दडलेली कोठारंही आहेत.

२०१६मध्ये गेम पुन्हा आला, फेब्रुवारीत फोनवर आणि एप्रिलमध्ये पीसीवर. पुढे सप्टेंबर २०१७मध्ये प्लेस्टेशन ४ आणि फेब्रुवारी २०१९मध्ये स्विच व एक्सबॉक्स वन. पात्रांचे चेहरे स्वच्छ झाले, वेग वाढवायची आणि वाटेतल्या लढाया बंद करायची सोय आली. पण पार्श्वचित्रं मूळचीच, फक्त ताणून मोठी केलेली. गेममधल्या अलेक्झांड्रिया शहराच्या गल्लीत रेखीव विवी, म्हणजे त्यातला छोटा जादूगार, आणि त्याच्या मागे धुरकट भिंत, हे दृश्य ज्याने पाहिलं आहे त्याला तक्रार समजावून सांगावी लागत नाही. शेवटी हौशी मॉडरांनी (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्यांनी) एआयच्या मदतीने पार्श्वचित्रं सुधारून दिली, आणि पीसीवर आज बरेच जण तोच मॉड टाकून खेळतात. कंपनीने न केलेलं काम चाहत्यांनी फुकट केलं. ‘मग कंपनी किती सुंदर करील’ हा विचार तिथेच मूळ धरू लागला.

आता २०२१. सप्टेंबरमध्ये एका ग्राफिक्स चिप कंपनीच्या क्लाउड गेमिंग सेवेतून गेमची एक भलीमोठी यादी बाहेर पडली. तीत फायनल फॅन्टसी ९ रीमेक अशी नोंद होती. त्या चिप कंपनीने लगेच खुलासा केला की यादीत प्रसिद्ध झालेले आणि निव्वळ अंदाजाने घातलेले असे दोन्ही प्रकारचे गेम आहेत, ती अंतर्गत चाचणीपुरती आहे आणि तिला कोणत्याही घोषणेचा दर्जा नाही. प्रकरण तिथेच संपायचं. पण यादीतल्या नोंदी एकेक करून खऱ्या ठरू लागल्या. गॉड ऑफ वॉर जानेवारी २०२२मध्ये पीसीवर आला. क्रोनो क्रॉसचा रीमास्टर (जुनाच गेम, चित्रं-आवाज सुधारून) त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला आणि त्याच महिन्यात किंगडम हार्ट्स ४ जाहीर झाला. फायनल फॅन्टसी टॅक्टिक्सची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५मध्ये आली. प्रत्येक खऱ्या ठरलेल्या नोंदीनंतर नवव्याची आशा एक पायरी वर चढली.

या तर्कात खोट आहे आणि ती सांगायला हवी. खऱ्या ठरलेल्या नोंदी लक्षात राहतात, न ठरलेल्या विसरल्या जातात. त्या यादीतल्या कितीतरी नोंदी आजही नुसत्या नोंदीच आहेत. शिवाय एखादा प्रकल्प २०२१मध्ये खरोखर सुरू असला तरी तो २०२५पर्यंत जिवंत असेलच असं नाही. प्रकाशकाने २०२४च्या वसंतात सुमारे २,२१० कोटी येनचा तोटा दाखवला, तोही बनत असलेले गेम सोडून दिल्यामुळे. कोणते गेम सोडले हे सांगितलं नाही. तेव्हापासून ‘आमचा त्यात होता का?’ हा प्रश्न चाहत्यांचा पिच्छा सोडत नाही. खबरी लोकांमध्येही एक जण रद्द झाला म्हणतो, दुसरा काम जोरात आहे म्हणतो, आणि दोघांचेही अनुयायी आहेत.

पण खरा वाद रीमेक आहे की नाही हा नाहीच. तो आला तर कसा येईल हा आहे, आणि त्याचं मूळ सातव्या भागाबाबत घेतलेल्या निर्णयात आहे.

सातव्याच्या रीमेकची मागणी २००५पासूनची. त्या वर्षी प्लेस्टेशन ३ची ताकद दाखवायला त्या गेमचा आरंभीचा प्रसंग नव्याने रंगवून दाखवला होता. तो फक्त नमुना होता, पण लोकांनी ते वचन मानलं. दहा वर्षांनी, जून २०१५मध्ये, रीमेक जाहीर झाला. डिसेंबरमध्ये कळलं की तो अनेक भागांत येणार. २०१७मध्ये बाहेरच्या स्टुडिओकडचं काम काढून कंपनीने स्वतःकडे घेतलं. पहिला भाग एप्रिल २०२०मध्ये आला, दुसरा फेब्रुवारी २०२४मध्ये आणि तिसऱ्याचं काम सुरू आहे. मूळ गेममध्ये मिडगार पाच-सहा तासांत मागे पडतं. पहिला भाग अख्खा त्या एका शहरावर बेतलेला, तीस-चाळीस तासांचा. कथाही जशीच्या तशी ठेवलेली नाही.

या निर्णयाच्या समर्थनात बोलण्यासारखं आहे. एवढ्या बारकाव्याने अख्खं जग एका दमात उभं करणं अशक्य होतं, हे दोन्ही भाग पाहिल्यावर पटतं. मिडगार तसं स्वयंपूर्णही आहे, तटबंदीचं शहर, त्यातून बाहेर पडणं हाच एक टप्पा. पण समर्थक जे सहसा टाळतात ते असं की लांबी वाढवण्यासाठी भरताड करावी लागली. अरुंद फटींतून अंग चोरत सरकणं, हरवलेली मांजरं शोधणं, दुसऱ्या भागात प्रत्येक प्रदेशात मनोरे गाठून नकाशा उघडत बसणं. आणि मुख्य म्हणजे, मूळ गेमच्या गतीत जी धाप होती ती गेली.

नवव्याला हेच माप लावलं तर? (इथून पुढे कथानक उघड होतं.) मूळची पहिली डिस्क बर्मेशिया राज्याच्या पावसात, शत्रूची सेनानी बिट्रिक्सकडून सपाटून मार खाऊन संपते. पहिला भाग तिथे तोडायचा म्हटला, तर आठ मुख्य पात्रांपैकी आयको आणि अमरांट आलेलेच नसतात. विवीला आपल्यासारख्याच बाहुल्या बनताना दिसलेल्या असतात, पण त्या दृश्याचा अर्थ कळायचा असतो. दुसऱ्या डिस्कच्या शेवटी, राणी ब्राहनेच्या मृत्यूवर तोडलं तर निदान राजकारणाचं एक पर्व संपतं, पण टेरा हे दुसरं जग, खलनायक कुजा आणि नायक झिदानच्या जन्माचं रहस्य सगळं पुढच्या भागात जातं. म्हणजे पहिला भाग खेळणाऱ्याला नायक कोण आहे हेच कळणार नाही. चौथी डिस्क तर मुळात आटोपशीर, तिच्यातून वेगळा भाग निघतच नाही. हा गेम एका विणीचा आहे, एक टोक दुसऱ्या टोकाशी बांधलेलं. तो तोडू नये असं म्हणणाऱ्यांची बाजू मला तरी भक्कम वाटते.

म्हणूनच २०२४मध्ये मालिकेतल्या एका ज्येष्ठ निर्मात्याने मुलाखतीत केलेलं विधान चाहत्यांना इतकं लागलं. रीमेकची मागणी आपल्याला ठाऊक आहे, पण गेमचा पसारा प्रचंड आहे आणि तो एकाच गेममध्ये मावेल का हा अवघड प्रश्न आहे, असा त्याचा आशय. निम्म्या लोकांनी यातून प्रकल्प नाही असा अर्थ काढला, निम्म्यांनी आत चर्चा सुरू आहे असा. याच निर्मात्याच्या ऑनलाइन गेमचा जुलै २०२४मधला विस्तार नवव्याच्या खुणांनी भरलेला होता, अलेक्झांड्रिया नावासकट. आधी मोठा आदरार्थी विस्तार, मग रीमेक, अशी साखळी लोकांनी परस्पर जोडून टाकली.

लढाईच्या पद्धतीवरचा तंटा त्या मानाने लहान, पण जास्त कडवट. सातव्याच्या रीमेकने टर्न (पाळीपाळीने चाल) सोडून ॲक्शन (थेट चालणारी लढाई) घेतली. नवव्याचं तसं करू नका, हा बहुमताचा सूर. तरी मूळची एटीबी (पट्टी भरली की पाळी येणारी पद्धत) जशीच्या तशी कोणालाच नको आहे, हेही खरं. लढाई सुरू झाली की कॅमेरा आधी मैदानाभोवती सावकाश घिरटी घालतो. पट्टी भरते, आज्ञा देता आणि ती रांगेत जाऊन बसते. तोवर ज्याला वाचवायचं तो आडवा झालेला असतो. ॲनिमेशन चालू असतानाही रीजेनचे, म्हणजे हळूहळू जखमा भरणाऱ्या जादूचे, आकडे पडत राहतात, त्यामुळे मदतीला बोलावायच्या आर्कसारख्या शक्तीचं लांबलचक आवाहन करायचं आणि ते संपेपर्यंत सगळ्यांच्या जखमा फुकटात भरून घ्यायच्या, ही खेळाडूंची जुनी युक्ती. ट्रान्सची, म्हणजे पात्राला थोड्या वेळापुरत्या मिळणाऱ्या जादा ताकदीची, तऱ्हा तर विचारू नका. पट्टी भरली की तो आपोआप लागतो, राखून ठेवता येत नाही. बॉसच्या दारात, शेवटच्या फुटकळ राक्षसावर वाया गेलेला ट्रान्स प्रत्येकाच्या वाट्याला आलेला आहे.

एक्सकॅलिबर २चं काय करायचं, हा त्यातलाच उपप्रश्न. ती तलवार मिळवायला घड्याळात बारा तास व्हायच्या आत मेमोरिया या शेवटच्या टप्प्यात पोहोचावं लागतं. जुन्या कन्सोलवर लोक चित्रफिती टाळायला झाकण उघडायचे, आणि युरोपातली आवृत्ती संथ चालायची म्हणून तिथे हे आणखी अवघड. पूर्ण संवाद आवाजात बोलणारा रीमेक आला तर बारा तासांत लिंडब्लम हे सुरुवातीचं शहरही ओलांडून होणार नाही.

तिसरा पर्याय सुचवणारे आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये ड्रॅगन क्वेस्ट ३ एचडी-२डी शैलीत (पिक्सेलची पात्रं, थ्रीडी देखावा) आला, एकसंध आणि टर्न-बेस्ड, आणि चाललाही. पण तिथे मूळ गेम १९८८चा, पिक्सेलचा होता. नववा मुळातच थ्रीडी पात्रांचा, त्याला उलटं पिक्सेलमध्ये नेणं बहुतेकांना पटत नाही. एप्रिल २०२५मध्ये ऑब्लिव्हियन या दुसऱ्याच एका गेमचा रीमास्टर जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीला आला, तेव्हापासून ‘आपलाही असाच अचानक येईल’ म्हणणारा एक नवा पंथ निघाला आहे. (त्याचं नावही आधी गळतीतच फुटलं होतं, ही बाब या पंथाला विशेष प्रिय.)

दरम्यान विवी भलत्याच ठिकाणी गाजला. जून २०२५मध्ये मॅजिक या पत्त्यांच्या खेळात फायनल फॅन्टसीचा संच आला आणि त्यातलं त्याचं पान इतकं भारी ठरलं, की नोव्हेंबरमध्ये स्टँडर्ड या स्पर्धा प्रकारात त्याच्यावर बंदी घालावी लागली.

दुसरीकडे प्रकाशकाने स्वतःच कबूल केलं आहे की सोळावा भाग आणि सातव्याच्या रीमेकचा दुसरा भाग नफ्याच्या अपेक्षेला उतरले नाहीत. धोरण आता संख्येपेक्षा दर्जा, आणि एकाच कन्सोलऐवजी सगळीकडे, असं आहे. नवव्याच्या बाजूने हे वाचता येतं आणि विरोधातही. चाहत्यांचं सध्याचं गणित असं, की आधी सातव्याचा तिसरा भाग निघेल, मग माणसं मोकळी होतील, मग नववा. या गणिताला कंपनीच्या एकाही वाक्याचा आधार नाही.