व्यवहारज्ञानाची टेस्ट आली कुठून

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विसरायला होतंय म्हणून डॉक्टरकडे नेलं की आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, हे प्रश्न ठरलेले. ते १९७५ च्या एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) या स्मरणशक्ती वगैरे तपासणाऱ्या टेस्टमधले, अमेरिकेत फोलस्टीन नवरा-बायको आणि मॅकह्यू यांनी बनवलेली ३० मार्कांची टेस्ट, दहाएक मिनिटांत उरकते म्हणून जगभर पसरली. पण निर्णयशक्तीवर, म्हणजे व्यवहारज्ञानावर, तिच्यात एकही प्रश्न नाही, आणि घरच्यांच्या जिवाला घोर असतो तो त्याचाच, गॅस चालू ठेवून बाहेर जातील, फोनवर कुणालाही ओटीपी देऊन बसतील.

निर्णयशक्ती तपासायची धडपड तशी जुनीच. १९३९ मध्ये वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या बुद्धिमापन चाचणीत विचारलं होतं, रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? अडचण अशी की बरोबर उत्तर देणारा माणूस बरोबर वागेलच असं नाही, आणि हे १९८५ मध्ये एस्लिंगर आणि दमासिओ यांनी छापलेल्या एका केसमध्ये ढळढळीत दिसलं, मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालेला माणूस, आयक्यू उत्तम, तरी धंदा बुडाला आणि संसारही मोडला.

त्याआधीच १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी रोजची कामंच मोजायला घेतली होती, फोन, बाजारहाट, औषधं, पैशाचे व्यवहार वगैरे आठ गोष्टी. त्यात स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं पुरुषांच्या बाबतीत मोजतच नसत, म्हणजे टेस्ट बनवणाऱ्यांच्या घरातल्या चालीरीती थेट मार्कांत उतरल्या!

आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत अजून वेगळा पेच होता, बरेच म्हातारे शाळेतच न गेलेले, एमएमएसईत एक वाक्य लिहायला सांगतात, ते त्यांना कसं म्हणणार? म्हणून १९९५ मध्ये गांगुली आणि सहकाऱ्यांनी एमएमएसईचं हिंदी रूप केलं, त्यात लिहायच्या ऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा म्हटलं. पुढे १९९९ मध्ये त्याच कामातून घरच्यांना विचारायची प्रश्नावली आली, गावात वाट चुकतात का, जेवून झाल्यावर विसरून परत जेवायला मागतात का. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणपणाची पायरी हीच, कारण रोज सोबत राहणाऱ्याला जे दिसतं ते तपासणीच्या खोलीत दिसत नाही.

फक्त निर्णयशक्तीसाठी म्हणून टॉप-जे (टेस्ट ऑफ प्रॅक्टिकल जजमेंट) नावाची टेस्ट २००७ मध्ये लॉरा रॅबिन आणि सहकाऱ्यांनी आणली. त्यात सुरक्षितता, तब्येत, पैसा, माणसांशी वागणं यावरचे रोजचे प्रसंग सांगून काय कराल ते विचारतात आणि उत्तर किती विचारपूर्वक आहे त्यावर मार्क देतात. पण ते प्रसंग अमेरिकन घरांतले, मराठीत वापरायचे तर नुसते शब्द बदलून भागणार नाही, पेन्शनची स्लिप, सोसायटीत आलेला अनोळखी माणूस, सिलिंडरचा वास, असं काहीतरी नव्याने लिहावं लागेल.